पालकाचा रकाना

यादी आली तेव्हा अच्युतराव पोतनीस डाव्या पायात मोजा चढवत होते. मोबाइल तिपाईवर थरथरला. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढता ओढता त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि इंग्रजी अक्षरांतल्या तीस नावांमधून त्यांची नजर नेमकी एकविसाव्या ओळीवर जाऊन थांबली. पोतनीस. मग एक स्वल्पविराम. आडनाव आधी आणि नाव नंतर अशी ती पद्धत, त्यामुळे स्वल्पविराम ओलांडून पलीकडचं नाव वाचायला अर्धा क्षण लागला, आणि त्या अर्ध्या क्षणात अच्युतरावांची निवड झाली. छातीत एखादी खिडकी धाडकन उघडावी तसं काहीतरी उघडलं. सत्तावन्नाव्या वर्षी, एका पायात मोजा असताना, विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या बहुशाखीय ऑनर्स कार्यक्रमात आपला नंबर लागला याचं त्यांना जराही नवल वाटलं नाही. फार उशीर केला लोकांनी, एवढंच वाटलं. मग स्वल्पविरामापलीकडे 'संहिता' दिसलं आणि उघडलेलं मिटलं. मिटताना डाव्या बरगडीखाली बारीक तडतडलं, गरम तेलात मोहरीचा एकच दाणा पडावा तसं. मुलीनं पालक म्हणून त्यांचाच नंबर दिला होता, म्हणून यादी त्यांच्याकडे आली होती. यात कोणाचीच चूक नव्हती.

"सुहास!" ते ओरडले. "अगं, झालं हिचं!"

सुहासिनी कणकेच्या हातानं बाहेर आली. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे कोणत्याही आरडाओरड्याला ती आधी शांत नजरेनं पाहून घेत असे. "झालं ना? मग ओरडता काय, सिलिंडर फुटल्यासारखं?" संहिता डोक्याला टॉवेल गुंडाळून आली, बापाच्या हातातला मोबाइल तिरका करून तिनं यादी वाचली आणि म्हणाली, "ओह. ओके." आणि जरा वेळानं, "बाबा, मोजा."

दिवसभर ऑफिसात अच्युतरावांना ते 'ओह, ओके' टोचत राहिलं. एवढी गोष्ट अशी घेतात? अठराव्या वर्षी हे आपल्याला मिळालं असतं तर आपण स्नेहलतागंजातून धावत सुटलो असतो, स्टेशनच्या पुलावर चढून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना हात केले असते, आईच्या पाया पडलो असतो, निदान रडलो तरी असतो. हिनं टॉवेल सोडून केस झटकले आणि त्याचे चार थेंब यादीवर उडवले. ड्रॉइंग विभागात आता कोणी ड्रॉइंग काढत नसे. नकाशे कॉम्प्युटरवर निघत आणि अच्युतराव, हेड ड्राफ्ट्समन, ते बरोबर आहेत असं छोट्या सहीनं सांगत. त्या दिवशी त्यांनी अकरा नकाशांवर सह्या केल्या आणि एकही पाहिला नाही.

कार्यक्रमाचं माहितीपत्रक मात्र त्यांनी पाहिलं होतं. घरातल्या कोणालाही कल्पना नव्हती इतक्या वेळा पाहिलं होतं; संहिता आंघोळीला गेली की तिच्या टेबलावरून ते उचलायचं, पाणी बंद झाल्याचा आवाज आला की त्याच कोनात परत ठेवायचं. ड्राफ्ट्समनचा हात, कोन चुकत नसे. पहिल्या वर्षाच्या मुलांनी एकमेकांपासून लांबचे कोणतेही दोन विषय घ्यायचे आणि त्या दोहोंमधलं अंतर हाच तिसरा विषय, असं त्यात लिहिलं होतं. रसायनाबरोबर पखवाज. कायद्याबरोबर वनस्पती. चौथ्या पानावर एक मुलगा झाडाखाली बसून खो खो हसत होता, मांडीवर वही आणि वहीत समीकरण. शिक्षणात हसण्यासारखं काय असतं हे अच्युतरावांना कधी कळलं नव्हतं, आणि त्या मुलाला ते कळलेलं होतं, हे त्यांना सहन होत नव्हतं. संहितेनं गणित आणि संगीत घेतलं होतं.

गणित आणि संगीत. सत्त्याऐंशी सालच्या जुलैमध्ये कॉलेजच्या खिडकीशी उभ्या असलेल्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या एका मुलानंही हेच दोन शब्द उच्चारले होते. खिडकीपलीकडे गोपीनाथबाबू होते. त्यांच्यापुढे निळ्या फॉर्मांची चळत, पिवळ्या फॉर्मांची चळत आणि कागदावर ठेवलेली शेव होती. निळा विज्ञानाचा, पिवळा कलेचा. मुलानं दोन्ही मागितले. गोपीनाथबाबूंनी शेवेचा बकाणा भरला, तो पूर्ण चावला आणि म्हणाले, "एक पकड़ लो भिया. ये कोई नमकीन की दुकान है क्या, कि थोड़ा ये मिला दो, थोड़ा वो?" रांगेतले सगळे हसले. मुलगाही हसला, तेच त्याला आयुष्यभर आठवत राहिलं, की आपणही हसलो. मग त्यानं निळा फॉर्म घेतला, बीएस्सीला दुसरा वर्ग मिळवला, आयटीआयचा नकाशाकामाचा कोर्स केला, आणि लोकांच्या प्लॉटांच्या हद्दी काळ्या शाईनं काढण्यात तेहतीस वर्षं गेली. पणजोबा होळकरांच्या मोजणी खात्यात होते, तेव्हा घरात सगळ्यांना ते रक्तातच आहे असं वाटलं. रक्तात आणखी काय काय होतं याची चौकशी कोणी केली नाही.

आणि नदी होती. ती कोणाला माहीतच नव्हती. त्याच उन्हाळ्यात, निकाल आणि खिडकी यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, अच्युत गच्चीवर आलेखाचा कागद पसरून बसे. गावातून वाकतवाकत जाणारी खान नदी त्यानं नकाशावरून उतरवून घेतली होती. संध्याकाळी गाण्याच्या क्लासमध्ये गुरुजी यमनाची एक तान घेत, ती वर कुठे जाते, खाली कुठे येते, कुठे थबकते, हे तो लक्षात ठेवून घरी येई आणि नदीच्याच कागदावर लाल पेन्सिलीनं काढी. दोन्ही रेघा तीन ठिकाणी जुळल्या. चौथ्या ठिकाणी जुळाव्यात म्हणून त्यानं नदी थोडीशी सरकवली होती, हेही खरं. पण तीन ठिकाणी तर त्या आपल्या आपण जुळल्या होत्या! त्याला त्या वेळी वाटलं होतं की आपल्याला काहीतरी सापडलंय. काय, ते सांगता आलं नसतं. ते सांगता येण्यासाठीच तर दोन्ही फॉर्म हवे होते. तो कागद नकाशे ठेवायच्या पत्र्याच्या नळीत गेला, नळी पलंगाखाली गेली, पलंग दोनदा बदलला, नळी तीच राहिली.

संहितेला ऑनर्समध्ये घेतलं ते तिच्या प्रवेश-प्रकल्पावर. 'नदीचा आवाजी नकाशा.' अकरा रविवार ती मोबाइल घेऊन खानच्या काठाकाठानं हिंडली. कुठे धोबीघाटाचा आवाज, कुठे मंदिराची घंटा, कुठे नाला मिसळताना होणारा गुळगुळ आवाज, कुठे नुसती वाहनं. मग त्या आवाजांच्या पट्ट्या काढून तिनं त्यांचा एक वाकडातिकडा आलेख नदीच्या वळणांवर ठेवला. हे अच्युतरावांना कळलं ते ती आरशासमोर उभी राहून मुलाखतीची तयारी करत होती तेव्हा. ती आरशाला सांगत होती, "सी, नदीचा कर्व आणि साउंडचा कर्व काही जागी ओव्हरलॅप होतात," आणि दारात उभ्या बापाला तिनं आरशातूनच विचारलं, "कसं वाटून राहिलंय, बाबा?" अच्युतराव म्हणाले, "दूध आणायचंय," आणि पिशवी न घेता मल्हारगंजापर्यंत चालत गेले. तिथे एका दुकानाच्या पायरीवर ते बराच वेळ बसले. आपण हिला कधी बोललो होतो? नाही. मग हिला कुठून आलं? रक्तातून असं म्हणावं तर रक्त आपलं, आणि प्रवेश तिचा. चोरी म्हणावी तर आपण तक्रार कोणाकडे देणार, आणि कशाची: साहेब, माझ्या मुलीला माझ्याचसारखं सुचलं? घरी आल्यावर त्यांनी विचारलंच. फार सहज, वर्तमानपत्राआडून. "हे नदीचं तुला सुचलं कसं गं?" "असंच," संहिता म्हणाली. "बस, सुचलं." या 'बस'नं त्यांची त्या रात्रीची भूक गेली, पण सुहासिनीला संशय नको म्हणून ते नेहमीइतकंच जेवले.

रविवारी नंदू आला. नंदू म्हणजे अच्युतरावांचा धाकटा भाऊ. परदेशीपुऱ्यात विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान. अकरावीत त्यानं शाळा सोडली होती आणि त्यानंतर त्याच्या तोंडावर दुःख असं कोणी पाहिलं नव्हतं, ही अच्युतरावांची त्याच्याविषयीची जुनी तक्रार. नंदूनं जिलबीचा पुडा आणला होता आणि आवाज जिन्यापासूनच लावला होता.

"कुठे आहे आमची प्रोफेसर? अरे दादा, पूऱ्या परदेशीपुऱ्यात सांगून आलो. म्हटलं, भिया, आपली भतीजी एकाच वेळी गणित पण शिकणार आणि गाणं पण. तो पंपवाला म्हणतो, मग करणार काय? मी म्हटलं, तुझा पंप सुरात चालवणार!"

संहिता हसून लोळायची बाकी राहिली. ती आपल्या विनोदांवर अशी कधी हसल्याचं अच्युतरावांना आठवेना. म्हणजे हेव्याच्या यादीत ही होतीच, आता नंदूलाही धरावं लागणार. ते जिलबीचा एक एक वळसा सुटा करत राहिले.

"पोरगी तुझ्यावर गेली, दादा," नंदू म्हणाला.

"छे."

"छे काय? तू पण नदीचं कायतरी काढत बसायचा ना, गच्चीवर? आई ओरडायची, ऊन लागेल म्हणून. लाल पेन्सिल माझी होती, तू परत नाही दिली."

संहितेनं वर पाहिलं. "खरंच, बाबा?"

उत्तर द्यायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळाली नसती. हो म्हणायचं, पलंगाखाली वाकायचं, नळी काढायची. अच्युतरावांनी तोंड उघडलंही. पण मग काय झालं असतं तेही त्यांना लगेच दिसलं: ती कागद पाहील, 'वॉव बाबा' म्हणेल, त्याचा फोटो काढेल, आणि त्या हसणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून सगळ्यांना सांगेल की हे पाहा, माझ्या बाबांनीपण लहानपणी असंच काहीतरी केलं होतं. 'पण.' त्या 'पण'मध्ये जाऊन राहायची त्यांची तयारी नव्हती.

"त्याला काय आठवतंय," ते म्हणाले. "नालीचा नकाशा होता तो. शाळेचा."

नंदूनं खांदे उडवले आणि भावाच्या बशीतला जिलबीचा तुकडा उचलून खाल्ला.

सोमवारी संहितेनं फॉर्म आणला. कार्यक्रमाचं बाकी सगळं मोबाइलवरच होतं, पण पालकांचं संमतिपत्र हातानंच लिहायचं, कारण हातानं लिहिताना माणूस विचार करतो, असं तिथल्या प्रेमलता मॅडमचं म्हणणं. हिरवट जाड कागद, वर शिक्का, शिक्क्याखाली क्रमांक. वरच्या अर्ध्या भागात विद्यार्थ्याची माहिती, खालच्या अर्ध्यात पालकाचा रकाना आणि त्यात एक प्रश्न: आपण स्वतः कोणता विषय सोडलात? दीडशे शब्दांत. तळाशी ठळक अक्षरांत: खाडाखोड असलेला अर्ज बाद होईल. दुसरी प्रत मिळणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत न आल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला जाईल. पहिलं नाव देवांशचं होतं, संहितेच्याच शाळेतला.

"तुम्हीच भरा, बाबा. वरचं पण," संहिता म्हणाली. "तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. माझं बघून मॅडम परत घेतील सीट."

कौतुक होतं ते. अच्युतरावांना ते कौतुक आवडलं, हेही इथे सांगायला हवं.

मंगळवारी कुठल्याशा जयंतीची सुट्टी होती. मायलेकी कपडे घ्यायला गेल्या. अच्युतरावांनी टेबल पुसलं, कागद टी-स्क्वेअरला लावून सरळ केला, जुनी ड्रॉइंगची पेनं काढली, निब धुतली, शाई भरली. स्टेशनाकडून एक गाडी शिटी वाजवत गेली. ती पूर्ण जाईपर्यंत ते थांबले. तेहतीस वर्षं प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांनी जे केलं होतं तेच त्यांच्या हातानं त्या दुपारी केलं. 'नाव' हा शब्द आणि त्यापुढे रिकामी जागा दिसली की हात विचारत नसे. अक्षर वळणदार, काळं, ओळीवर बसलेलं. शेवटच्या 'स'चा दंड ओढून झाल्यावर त्यांनी पेन उचललं आणि वाचलं. विद्यार्थ्याचं नाव: अच्युत पोतनीस.

शाई ओली होती आणि चमकत होती. प्रथम त्यांना घाम आला. ब्लेडनं खरवडता येईल का, म्हणून त्यांनी कागद उजेडात धरला. जाड होता, पण आत जाळीची नक्षी होती, खरवडला की दिसणार. खाडाखोड म्हणजे बाद. दुसरी प्रत नाही. त्यांनी कागद खाली ठेवला. पंखा फिरत होता. गल्लीत कोणीतरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. आणि मग हळूहळू, कोणी खांद्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसं त्यांना हलकं वाटायला लागलं. कागद आता संहितेच्या काहीच कामाचा नव्हता. आता तो ज्याच्या नावावर होता त्याचाच होता. त्यांनी पेन पुन्हा टेकवलं. जन्मतारीख लिहिली. पहिला विषय: गणित. दुसरा विषय: संगीत. या दोन विषयांमधल्या अंतराबद्दल आपल्याला काय वाटतं? अच्युतरावांना जे वाटत होतं ते त्यांनी लिहिलं. तीन ठिकाणी जुळलेल्या रेघांबद्दल लिहिलं, चौथ्या ठिकाणी सरकवलेल्या नदीबद्दलही प्रामाणिकपणे लिहिलं, ओळ संपली तेव्हा समासात लिहिलं, आणि आपण शिटी वाजवतोय हे त्यांना शिटी वाजायची थांबल्यावर कळलं. चौथ्या पानावरचा तो मुलगा असाच हसत असणार. मग खालचा अर्धा भाग आला. पालकाचं नाव. तिथे पेन थांबलं. त्यांचे वडील जाऊन बावीस वर्षं झाली होती, आणि असते तरी त्यांनी निळाच फॉर्म आणायला सांगितलं असतं. तो रकाना कोराच राहिला. जिन्यात चपला वाजल्या तेव्हा त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि तो पलंगाखालच्या नळीत, नदीच्या आत सरकवला.

"भरला का, बाबा?" संहितेनं बुधवारी सकाळी विचारलं.

"करतो ना. विचार करून लिहायचं आहे ते. मॅडमनीच सांगितलंय."

गुरुवारी तिनं विचारलं नाही. शुक्रवारीही नाही. अच्युतरावांना त्या न विचारण्याचा आधी राग आला आणि मग त्याची भीती वाटायला लागली. एवढा विश्वास? या घरात आजवर त्यांच्याकडून एक वीजबिल हरवलं नव्हतं, जुन्या रेडिओचं गॅरंटी कार्डसुद्धा फाइलमध्ये होतं. बाबांकडे दिलेला कागद म्हणजे झालेलं काम. शुक्रवारी त्यांनी अर्धी रजा घेतली. संहिता घरी नव्हती, सुहासिनी शाळेतून यायची होती. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले, समोर भिंतीवर घड्याळ. अजून वेळ होता. स्कूटरनं वीस मिनिटं. जाऊन सांगता आलं असतं: मॅडम, चूक झाली, सवयीनं माझं नाव लिहिलं गेलं. सवयीनं जन्मतारीख? सवयीनं समासापर्यंत? पण नाव सांगायची तरी काय गरज होती. नुसतं उभं राहून एक कोरा कागद मागता आला असता. त्या विचाराबरोबर गोपीनाथबाबू शेव चावायला लागले आणि मागची रांग हसली. मग त्यांनी देवांशचा विचार केला. देवांशचे वडील नव्हते, आई शिवणकाम करायची. त्याला जागा मिळाली तर वाईट काय? हा विचार इतका भला होता की त्यांनी तो पुन्हा केला. संहिता हुशार आहे, तिला कुठेही मिळेल. एखादा विषय सुटला म्हणून माणूस मरत नाही. आपण मेलो? साडेचार झाले. पावणेपाच. त्यांना स्वतःचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवलेले दिसत होते. उठायचं असेल तर हेच हात दाबायचे असतात, एवढंच काम. हात दाबले गेले नाहीत. पाच वाजता घड्याळात काही झालं नाही. काटा होता तिथून पुढे गेला. अच्युतरावांना आपल्या आत काय आहे ते पाहायची हिंमत झाली नाही, पण न पाहताही त्यांना ते कळलं: तिथे एक गळ्यापर्यंत बटणं लावलेला मुलगा होता आणि तो हसत होता, रांगेतल्या सगळ्यांसारखाच.

सव्वापाचला संहिता आली. हातात भुट्टे का कीस, किसलेल्या मक्याचा, पानाच्या द्रोणात. "घेणार, बाबा? गरम आहे."

"संहिता," अच्युतराव म्हणाले. "तो फॉर्म."

"हां, तो ना? झाला. कालच दिला."

"दिला?"

"मी म्हटलं मॅडमना, आमच्याकडचा खराब झाला, दुसरा द्या. त्यांनी दिला."

"पण दुसरी प्रत मिळणार नाही असं छापलंय. ठळक छापलंय."

"हो, पण कपाटात अख्खा गठ्ठा पडलाय." ती चमच्यानं कीस उकरत होती. "मी विचारलं, बाबा. त्यांनी दिला. सिंपल. आणि देवांशचं पण झालं. त्यानं जाऊन विचारलं, एक खुर्ची वाढवता का. वाढवली. आता आम्ही एकतीस."

सुहासिनी मागोमाग आली होती आणि दारात चपला काढत होती. "सही मीच केली," ती म्हणाली. "कोणता विषय सोडला म्हणून विचारलं होतं. मी लिहिलं, मला कोणी विचारलंच नाही. दीडशे शब्द कशाला लागतात त्याला?" आणि ती आत चहा टाकायला गेली.

अच्युतराव उठले. हात आता बरोबर दाबले गेले. विचारलं, दिला. अडतीस वर्षं ते त्या खिडकीचा, त्या शेवेचा, त्या काळाचा राग धरून होते. तेव्हाचा काळच तसा होता, असं ते स्वतःला सांगत आले होते, आणि तो राग उबदार होता, हिवाळ्यात पांघरण्यासारखा. गोपीनाथबाबूंच्या मागे, दोन पावलांवर, प्राचार्यांचं दार होतं. उघडं होतं. पडदा हलत होता. तो पडदा निळा होता हेसुद्धा त्यांना आत्ता, या क्षणी, स्वच्छ आठवलं. त्यांनी विचारलं नव्हतं. मुलीला मिळालेल्या जागेचा हेवा एक वेळ गिळता आला असता. पण तिला ते दार दिसतं, तिला त्यात काही विशेष वाटत नाही, ती तिथे द्रोणातलं खात खात उभी राहते, याचं काय करायचं?

ते आतल्या खोलीत गेले, दार ओढून घेतलं आणि नळी काढली. तो कागद फाडायचा होता. झाकण उघडताना त्यांच्या लक्षात आलं की ते नीट बसलेलं नाही, एक आटा तिरका गेलाय. त्यांनी कधी तिरका लावला नसता. बरगडीखाली सगळं शांत झालं. हिरवा कागद बाहेरच्या बाजूला होता, नदी आत. वरचा अर्धा भाग त्यांच्या छापल्यासारख्या अक्षरांत होता तसाच होता. खालचा कोरा नव्हता. निळ्या बॉलपेननं, डावीकडे झुकलेल्या, मॅडमनी सीट परत घ्यावी अशा अक्षरांत, तो भरलेला होता.

पालकाचं नाव: संहिता पोतनीस. विद्यार्थ्याशी नातं: मुलगी. पालकाचं मत: 'विद्यार्थ्याचा नदीचा आलेख मी पाच वर्षांची असताना या नळीतून काढून बघितला होता. मी तो उलटा धरला होता आणि मला वाटलं डोंगर आहेत. विचारणार होते पण विद्यार्थी झोपला होता. मग मी विसरून गेले. आता फॉर्म शोधताना परत बघितला तेव्हा कळलं. विद्यार्थ्याला राग आला आहे असं वाटतं, पण तो सांगणार नाही. प्रवेश द्यायला माझी हरकत नाही.' खाली सही. तारीख बुधवारची.

बुधवारची. म्हणजे गुरुवारी ती न विचारता गेली तेव्हा तिला माहीत होतं, आज सकाळी दार लोटून घेताना माहीत होतं, आणि आत्ता 'गरम आहे' म्हणून द्रोण पुढे केला तेव्हाही. अच्युतराव पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी ते मत पुन्हा वाचलं. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आणि आलंही थोडं, रीतीपुरतं. पण त्या पाण्यामागून ते शेवटचंच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. प्रवेश द्यायला माझी हरकत नाही. त्यात एक शब्द कमी करता येत नव्हता, एक वाढवता येत नव्हता. आपण समासापर्यंत लिहिलं आणि हिनं एवढ्यात उरकलं. हे वाक्य आपल्याला सुचायला हवं होतं. आपल्यालाच आपल्याबद्दल.

"बाबा, चहा!" बाहेरून हाक आली.

"आलो."

पण आधी त्यांनी नळीतून नदी काढली. कागद पिवळा पडला होता, लाल रेघ फिकी झाली होती, नंदूच्या पेन्सिलीची. पलंगावर पसरून त्यांनी ती नेहमीसारखी पाहिली: उत्तर वर, वळणं बरोबर, तीन ठिकाणी जुळलेली, चौथ्या ठिकाणी त्यांनी सरकवलेली, ती सरकवलेली जागा त्यांना आजही सगळ्यात आधी दिसली, कधीतरी मोडलेल्या बोटासारखी. मग दाराकडे एकदा पाहून त्यांनी कागद दोन्ही हातांनी फिरवला आणि उलटा धरला.

डोंगर होते. एकामागे एक, मागचे काळे, पुढचे लाल, लांबवर गेलेले. चौथ्या ठिकाणी काही चुकलंय असं कोणाला सांगूनही पटलं नसतं. तिथे नुसती एक दरी होती, आणि ती असायलाच हवी होती. अडतीस वर्षांत त्यांनी कागद या बाजूनं धरून पाहिला नव्हता.

पाच वर्षांची होती, म्हणे. बरगडीखाली मोहरीचा दाणा पुन्हा तडतडला.